तलावावरून गेलेलं विमान

आमच्या ऑफिसात साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तेही झाडीबोलीत. आम्ही दोघी भंडारा जिल्ह्यातल्या; मॅडम लाखांदूरकडच्या, मी वरठीची. एरवी त्या सगळ्यांशी शुद्ध मराठीत नाहीतर हिंदीत बोलत. पण कुणी चूक दडपायला लागलं की त्यांची बोली वर येई. "कायले?" म्हणजे 'कशाला?', एवढाच प्रश्न. समोरच्याची पाचावर धारण बसे.

आमचं काम विमानातून समुद्राचं पाणी किती वेगानं सरकतं ते मोजायचं. विमानाच्या पोटाला रडारचे दोन अँटेना, एकामागे एक. पुढचा पाण्याचं चित्र घेतो, निमिषभरानं मागचा त्याच पाण्याचं घेतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून वेग काढायचा. मॅडमनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं आणि वर म्हणाल्या, "रडारले पाणी नाई दिसत, पाण्यावरच्या बारक्या लाटा दिसतात. हे विसरली तं घरी जा."

साहेब नेमकं हेच विसरले. पूर्व किनाऱ्याचा पहिला नकाशा तयार झाला होता. इंजिन बंद पडून वाहत गेलेल्या मासेमारी बोटी शोधायला तो वापरला जाणार होता. समारंभाची तारीखही ठरली होती. मॅडमनी सही केली नाही. वाऱ्यानं पळणाऱ्या लाटांचा वेग पाण्याच्या वेगात मिसळलाय, तो वजा केल्याशिवाय नकाशा बाहेर जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

साहेब चिडले. "मॅडम, तुमच्या भंडाऱ्याला समुद्र आहे का?"

"नाई. तलाव हाय. तलाव वाहत नाई, हे तं तुमाले मान्य हाय ना? मंग त्याच्यावरून विमान न्या. रडारनं शून्य दाखवलं तं मी तिथंच सही करतो का नाई, पाहा."

विमान तसंही नागपूरला यायचं होतं. सगळ्यांसमोर आव्हान मिळाल्यावर साहेबांना माघार घेता येईना.

मॅडमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर आम्ही दोन दिवस वाऱ्याची वाट पाहिली, कारण आरशासारख्या सपाट पाण्यावर रडारला काहीच दिसत नाही. तिसऱ्या दुपारी वारा सुटला. त्यांचे थोरले भाऊ डोंगा घेऊन मधोमध गेले आणि वाऱ्यानं ढकलल्या जाऊ नयेत म्हणून गळ्यापर्यंत पाणी भरलेल्या बाटल्या सोडून आले. विमान गेलं. बाटल्या जेमतेम सरकल्या. रडारचा आकडा मात्र सांगत होता की अख्खा तलाव माणसाच्या चालीनं पूर्वेकडे निघालाय.

भाऊंनी ते ऐकलं आणि तलावाकडे एकदा नीट पाहून घेतलं. "मंदे, मी जन्मापासून पाहून राहिलो याले. हा कुठं चालला?"

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बोट एकीकडे रायली असती," त्या म्हणाल्या, "अन् आपण भलतीकडेच शोधत रायलो असतो."

नकाशा सुधारला गेला. मॅडमना मात्र प्रकल्पातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आणि सुधारणेच्या टिपणातून त्यांचं नाव गाळलं. त्यांनी टिपण नावासकट पुन्हा टाइप करून वर पाठवलं. ते परत आलं. त्यांनी पुन्हा पाठवलं.

"मॅडम, जाऊ द्या ना," मी एकदा म्हटलं.

"तुले जायचं तं तू जा. मी पाठवत राहीन."

नाव लागायला वर्ष गेलं, पण लागलं.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी मानपत्र वाचायला घेतलं. 'सदैव सहकार्य करणाऱ्या...' एवढ्यावरच मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"साहेब, हे खोटं हाय. मी सहकार्य नाई केलं. मी अडवलं. तसंच लिहा."

साहेब कसनुसं हसून पुढे वाचू लागले, तरी मॅडम उभ्याच. पुढे केलेला हारही त्यांनी हातानं थांबवला. शेवटी मीच उठले, साहेबांच्या हातून कागद घेतला, 'सहकार्य' खोडलं आणि वर 'विरोध' लिहिलं.

मॅडमनी ते वाचलं. मग हारासाठी मान वाकवून म्हणाल्या, "आता घाला."