दिनकरराव आणि नऊ-सदतीसची जोडी

दिनकरराव भोईटे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती हातात वही घेऊन आणि डोक्यात बराचसा ताठा घेऊन. देवासच्या पॉलिटेक्निकमध्ये गिअर हा विषय मी तेव्हा नऊ वर्षं शिकवत होते. आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीत काय बदलायचं याची सगळी आकडेमोड मी वहीत करून नेली होती. मिस्त्रींनी फक्त पाने घेऊन कामाला लागायचं, अशी माझी समजूत होती. दिनकरराव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी साबणाने हात धुतले, पंच्याला पुसले, चष्मा लावला आणि वहीची चारही पानं बोट फिरवत सावकाश वाचली. मग म्हणाले, "मॅडम, हिशेब चांगला केला तुम्ही. पण हे चाक पुस्तकातलं आहे. गाडीचं चाक गाडीखाली आहे."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी टायरवर आणि जमिनीवर खडूची एकेक खूण केली, मला गाडीत बसायला सांगितलं, कारण माणूस बसला की टायर दबतो, आणि गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ दिला. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा ते जवळजवळ चार बोटं कमी भरलं. टेपवरचा आकडा त्यांनी मलाच वाचायला लावला, इतकंच. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला मला सांगितलं गेलं, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती ती टेप.

ही गाडी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. दादा धारच्या शाळेत गणिताचे शिक्षक होते. साऱ्या आयुष्यात त्यांनी एकच चैन केली. इंदूरच्या एका गृहस्थांकडे पडून असलेली, उघड्या टपाची, दोन माणसांची, गडद हिरवी जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी घरी आणली. तिचं मूळ इंजिन काही वर्षांत निकामी झालं. त्याचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी त्या जागी एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गाडी चालू लागली खरी, पण साठच्या पुढे गेली की किंचाळायची. आई एकदाच तिच्यात बसली, धारहून इंदूरला जाताना. परत येताना तिने सरळ बस धरली. "गाडीत बसून तुमच्याशी ओरडून बोलायचं, त्यापेक्षा बसमधे गप्प बसलेलं बरं," असं ती म्हणाली, आणि त्यानंतर पंधरा वर्षं त्या गाडीत बसली नाही. दादा एकटेच रविवारी चक्कर मारून येत. शेवटी तेही बंद झालं. पुण्याचा माझा भाऊ गाडी विकायच्या मागे लागला. इंदूरचे एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेले, आणि दादांनी त्यांना दसऱ्यापर्यंत सांगतो म्हटलं. ते गिऱ्हाईक गाडी खोलून तिचे भाग वेगवेगळे विकणार होते, हे आम्हाला ठाऊक होतं. दादा फक्त रोज सकाळी जाऊन तिच्यावरचं कापड नीट करत.

त्या किंचाळण्याचं कारण दिनकररावांनी दादांना ज्या सोपेपणाने सांगितलं, तसं मला वर्गात कधी जमलं नव्हतं. मूळ इंजिन लहान आणि चपळ होतं, भराभर फिरायचं. म्हणून त्याचे जवळजवळ पाच फेरे झाले की चाकाचा एक, अशी दात्यांची जोडी मागच्या अॅक्सलमध्ये होती. डिझेल इंजिन सावकाश फिरणारं, पण ताकदीचं. "मास्तरसाहेब, बैलाला घोड्याच्या चालीनं पळवून राहिले आहात तुम्ही," ते म्हणाले. "इंजिनला हात नाही लावायचा. मागची जोडी बदलायची." ही जोडी म्हणजे क्राउन आणि पिनियन. इंजिनाकडून येणारा दांडा ज्या छोट्या दातेरी चाकात संपतो ते पिनियन, आणि ते ज्या मोठ्या चाकाला फिरवतं तो क्राउन. गाडीत आधी आठ आणि एकोणचाळीस दात्यांची जोडी होती.

मग त्यांनी विचारलं, "पहिले हे सांगा, गाडी चालवणार कुठं?"

दादा म्हणाले, "धार ते देवास. मुलीकडे येईन-जाईन. दुसरं कुठे जाणार या वयात?"

तो रस्ता सपाट. त्या उत्तरावर सगळं ठरलं. अकरा आणि एकोणचाळीस दात्यांची जोडी घालायची, म्हणजे इंजिनाचे साडेतीन फेरे आणि चाकाचा एक. माझ्या वहीतही तीच निघाली होती, हे मला त्या दिवशी फार सुखाचं वाटलं.

दिनकररावांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या शाखेच्या, पागेत नाल ठोकण्याच्या कामाला राहिले. पुढे घोडे गेले, लोखंड राहिलं. दिनकररावांचं शिक्षण आठवीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. बाजारात ते माळवी बोलतात, गिऱ्हाइकांशी हिंदी. घरी मात्र त्यांचं मराठी असं जुनं आहे, की आमच्यासारख्यांनी शब्द विचारून घ्यावेत. सारं देवास त्यांना दिनूभिया, म्हणजे दिनूभाऊ, म्हणतं. पन्नास वर्षांत मागच्या अॅक्सलचं काम म्हटलं की उदयनगरपासून सतवासपर्यंतच्या गाड्या त्यांच्याच दारी आल्या.

जोडी मनावर नावाच्या गावातल्या एका भंगारवाल्याकडे सापडली. आमच्या गाडीच्याच कंपनीच्या एका बंद टपाच्या गाडीतली ती होती, म्हणजे आमच्या अॅक्सलच्या पेटीत नेमकी बसणारी. मी तिथे त्यांच्याबरोबर होते. भंगारवाला म्हणत होता, "भिया, ये पिनियन थोड़ा घिसा है, दूसरा ले जाओ, चकाचक है।" दिनकररावांनी दोन्ही चाकांवर कोरलेले आकडे उजेडात धरून मला दाखवले. ते सारखे होते. ही दोन चाकं कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात आणि एकमेकांची होऊन बाहेर पडतात. नवं कोरं पिनियन दुसऱ्याच्या क्राउनशी कधी नीट नांदत नाही. "जोडी नाही तोडत मी," ते त्याला म्हणाले आणि झिजलेलंच घेतलं. याच एका हट्टापायी त्यांनी आयुष्यात किती गिऱ्हाइकं परत पाठवली असतील, ते त्यांनाच माहीत.

जोडी बसवायला तीन दिवस लागले. शेंदूर तेलात कालवून ते दात्यांना लावत, चाक फिरवत आणि शेंदूर कुठून पुसला गेला ते पाहत. दात्याच्या टोकाशी पुसला गेला तर पिनियन आत घ्यायचं, मुळाशी गेला तर बाहेर. त्यासाठी कागदाएवढ्या पातळ चकत्या घालायच्या आणि काढायच्या. मी सुट्टी काढून रोज जात होते. तिसऱ्या दिवशी शेंदूर प्रत्येक दात्याच्या बरोबर मध्यावर पुसला गेला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आता बघून घ्या. यानंतर हे दिसत नाही, फक्त ऐकू येतं."

पहिली चक्कर देवासहून धारपर्यंत झाली. दादा चालवत होते, मी शेजारी. ऐंशीवर गाडी अशी चालली होती, की दादा दोनदा वेगाच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "इंजिन बंद तर नाही ना पडलं?" खरं म्हणजे ऐंशी हेही दिनकररावांमुळे कळत होतं. जोडी बदलली की वेगाचा काटा कमी दाखवू लागतो. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांनी घड्याळाच्या काचेखाली कागदाची पट्टी चिकटवून दिली होती, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात: काटा चाळीस, खरे पंचावन्न. पट्टी चिकटवल्याशिवाय त्यांनी किल्ली दिली नव्हती.

इथेच ही गोष्ट संपली असती, तर दिनकरराव एक उत्तम कारागीर आहेत, एवढंच मला लिहिता आलं असतं.

पंधरा दिवसांनी ते गाडी कशी चालते ते पाहायला मुद्दाम धारला आले. दादा त्यांना म्हणाले, "चला, जरा मांडूपर्यंत जाऊन येऊ." दोघं हिरव्या गाडीत आणि मी माझ्या गाडीतून मागे. किल्ल्याखालचा घाट छोटा, पण फार खडा. अर्ध्या चढावर समोरून बस उतरत आली आणि दादांना थांबावं लागलं. बस गेली. दादांनी गाडी उचलायचा प्रयत्न केला, पण ती जागची हलेना. इंजिन थरथरून बंद पडलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत आला आणि गाडी हातभर मागे सरकली. दिनकरराव उतरले, त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला. मी धावत पुढे गेले. दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मास्तरसाहेब, चूक माझी आहे," दिनकरराव म्हणाले. "या गाडीचा पहिला गिअर मुळातच लांब, पळायच्या गाडीचा. त्यावर मी मागची जोडीही लांब दिली. चढावर उभं राहून उठायची वेळ येईल, हे मी धरलंच नाही."

मी म्हणाले, "पण दादांनीच तुम्हाला सपाट रस्ता सांगितला होता. आणि आकडे माझेही होते."

"तुमची वही होती, मॅडम. हात माझा होता."

मग दादा खाली बघत हळूच म्हणाले, "मी खरं सांगितलं नाही, दिनकरराव. हिच्या आईला एकदा या गाडीतून मांडूला आणायचं मनात होतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो ते इथेच, एस.टी.नं. म्हटलं, या वयात असं काय सांगायचं मिस्त्रीला!"

दिनकररावांनी चाकाखालचा दगड पायाने पक्का केला. मग म्हणाले, "मी एवढंच विचारलं, की जाता कुठं. जायची इच्छा कुठं आहे, हेपण विचारायला पाहिजे होतं." रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी स्वतः गाडी मागे मागे घेत सपाटीवर उतरवली.

दसरा नऊ दिवसांवर होता. हवी होती मधली जोडी, नऊ आणि सदतीस दात्यांची. मनावर, सतवास, इंदूर, कुठेच ती मिळेना. इंदूरच्या गिऱ्हाइकांचा दोनदा फोन येऊन गेला. पाचव्या दिवशी दिनकररावांनी मला वर्कशॉपवर बोलावलं. गेले तर त्यांची स्वतःची गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेली आणि तिचा मागचा अॅक्सल उघडलेला. आमच्याच कंपनीची ती बंद टपाची जुनी गाडी ते वीस वर्षं रोज वापरत होते. तिच्यात नऊ-सदतीसची जोडी होती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मी नको म्हणाले, चांगली दोन-तीनदा म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, "तुमची जोडी माझ्यात घालतो. मला कुठं घाट चढायचा आहे? देवासची टेकडी तर मी पायीच चढतो."

आतून त्यांच्या पत्नी कमलताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या हो ताई. घाटावरून आल्यापासून धड जेवले नाहीत हे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई हिरव्या गाडीत बसली. डोक्याला रुमाल घट्ट बांधून, पर्स मांडीवर धरून, डॉक्टरांकडे निघाल्यासारखी. मी आणि दिनकरराव मागून माझ्या गाडीत. घाट लागला तसे ते खिडकीबाहेर मान काढून ऐकत राहिले. अर्ध्या चढावर दादांनी आपण होऊन गाडी थांबवली. समोर काहीसुद्धा नव्हतं. क्षणभर थांबून त्यांनी क्लच सोडला आणि गाडी शांतपणे उचलली. शेजारी दिनकररावांनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

वर पोचल्यावर आई उतरली आणि थेट दिनकररावांकडे आली. म्हणाली, "अहो भाऊ, गाडीत बोलता येतं की!" दादा मागून म्हणाले, "पंधरा वर्षांचं सगळं बोलून झालं हिचं, धार ते मांडू." इंदूरच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणणारा फोन त्यांनी तिथूनच केला.

त्यानंतर मी दिनकररावांची विद्यार्थिनी झाले. ते हा शब्द मान्य करत नाहीत. मी वर्गात डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अॅक्सलमधली हीच दात्यांची रचना, शिकवणार आहे असं कळल्यावर त्यांनी एक जुना अॅक्सल अर्धा कापून, लाकडी बैठकीवर बसवून, रिक्षातून पॉलिटेक्निकमध्ये आणून दिला आणि शेवटच्या बाकावर बसून माझा तास पूर्ण ऐकला. संपल्यावर मुलांसमोर काही बोलले नाहीत. व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "सगळं बरोबर सांगितलं. फक्त तेलाचं राहिलं." पुढच्या तासाला मी तेलाचं सांगितलं. मांडूच्या घाटात आम्ही कसे चुकलो, तेही दरवर्षी सांगते, माझ्या वहीसकट. चूक कबूल करताना आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. मला ते अजून पूर्ण साधलेलं नाही.

दादा आज ब्याऐंशीचे आहेत, आई अठ्ठ्याहत्तरची. महिन्यातून एकदा दोघं हिरव्या गाडीतून देवासला येतात आणि माझ्या घरी यायच्या आधी दिनकररावांकडे जातात. परवा हा लेख लिहिते आहे हे सांगायला मीही गेले होते. ते एका ट्रॅक्टरचं काम उरकत होते. म्हणाले, "लिहा. पण मोठं मोठं नका लिहू. जे झालं ते लिहा." तसंच लिहायचा प्रयत्न केला आहे.

दिनकरराव, पंचाहत्तरी ही तुमच्या हिशेबाने अर्धी वाट, असं आम्ही सगळे धरून चाललो आहोत. तुमचे गुडघे तुम्हाला रोज टेकडीवर नेवोत, तुमचे कान असेच तीक्ष्ण राहोत, आणि कमलताईंच्या हातचा चहा तुम्हाला दोन्ही वेळा गरम मिळो. टेकडीवरची आई चामुंडा तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य देवो. आणि एक मागणं माझं स्वतःचं: येत्या सत्रात पुन्हा एकदा शेवटच्या बाकावर येऊन बसा. या वेळी काय राहिलं ते मुलांसमोरच सांगा.