पाहुण्यांसाठी निवळलेलं तेल

काम ठरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडच्या स्टँडवर हजर. एका जागी बूड टेकत नाही माझं, आई उगाच नाही म्हणायची. अहमदपूरजवळच्या एका खेड्यात बायकांचा गट लाकडी घाण्यावर करडईचं तेल काढतो. पुण्याची कंपनी ते चेहऱ्याच्या क्रीमसाठी घेणार, पण तेल चांगलं असल्याचा दाखला तिसऱ्या माणसाचा हवा. तो तिसरा माणूस मी. नमुना घ्यायचा, सील करायचा, लातूरच्या प्रयोगशाळेत द्यायचा.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं फारसं काही नाही. खिडकीची जागा मात्र पकडू नका, लोह्यापर्यंतच नाकातोंडात धूळ जाते. अहमदपूरला गरम भजी खाल्ली. पुढची जीप भरल्याशिवाय हलेना. मी उतरले, चढले, परत उतरले.

"मॅडम, बसून ऱ्हावा, न्हाईतर जागा जाईल," ड्रायव्हर म्हणाला.

गटाच्या प्रमुख महानंदाताईंनी चकचकीत डबा पुढे केला. तेल नितळ, तळाला कण नाही. मी बाटली भरून सील केली. मग मागच्या पिंपांकडे लक्ष गेलं. त्यातलं तेल गढूळ होतं.

"ताई, हे डब्यातलं रोजचंच ना?"

"न्हाई ओ. तुमी येणार म्हणून येगळं काढून निवळू दिलं. पाव्हण्याला काय गाळ दाखवायचा?"

लबाडी नव्हतीच, उलट कौतुकानं सांगत होत्या. आता यांच्यावर रागवायचं तरी कसं? मी सील फोडलं आणि पिंपातून दुसरी बाटली भरली.

ताईंचा चेहरा उतरला. "आमचं चांगलं बघायला आलाव का वाईट?"

"जे कंपनीला जाणार ते," मी म्हणाले. मलाच ते कोरडं वाटलं.

लातूरला नमुना दिला, मुक्काम केला. सकाळी निलंगा राइस, म्हणजे तिकडचा मसालेदार भात, खाल्ला. तुम्ही गेलात तर चुकवू नका, मला मात्र त्या दिवशी घास गोड लागला नाही.

घरी आल्यावर अहवाल आला: नापास. गाळ आणि पाण्याचा अंश जास्त. ताईंना मीच फोन केला. निकाल सांगितला.

"मंग समदंच तसं निवळू देऊ की. पर येळ लागंल. तवर कंपनी थांबंल का? तुमी एक शब्द टाका."

"नाही टाकता येत, ताई. मी तुमच्या बाजूनं बोलले, तर माझ्या दाखल्याला कोण विचारेल?"

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नियम बरोबर आहे, अजूनही पटतो. पण जीव थाऱ्यावर नाही. फोन वाजला की वाटतं, ताईंनी दुसऱ्यांदा नमुना घ्यायला बोलावलं असेल. अजून बोलावलेलं नाही.