बाईंची चित्रं आणि एक सीडी

बनसोडे बाई कुणाच्या घरी गेल्या की चहाला कधी नको म्हणायच्या नाहीत, पण चहाच्या आधी त्यांना एक वाटी लागायची. रिकामी, आणि तीही पालथी. "च्या मागनं. आदी वाटी द्या." वाटी आली की अंबाड्यात खोचलेला ब्रश बाहेर यायचा, शबनम पिशवीतून रंगांच्या चेपलेल्या ट्यूबा निघायच्या आणि वाटीच्या बुडावर रंग कालवणं सुरू व्हायचं. घरातल्यांना काही कळायच्या आत बाई भिंतीवरचं चित्र उतरवून मांडीवर घेऊन बसलेल्या असत. नव्या माणसाला वाटावं, ही कोण बया दुसऱ्याच्या घरातलं चित्र खराब करते आहे! चित्र मुळात त्यांनीच काढलेलं असायचं आणि ज्याचं होतं त्यालाच देऊन टाकलेलं असायचं.

कराडच्या शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. मूळच्या पाटणकडच्या. वर्गात भाषा अगदी पुस्तकी, पण वर्गाबाहेर पडल्या की गावाकडची बोली मोकळी सुटायची. लग्न केलं नाही. घरात एक बुद्धाची तसबीर, तीही दुसऱ्या कुणी काढलेली. स्वतःचं एकही चित्र घरात नाही. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून कुणाच्या अंबाड्यात पेन जरी दिसलं तरी मला हसू येतं.

चित्र एकदा दिलं की संपलं, हे बाईंना मान्यच नव्हतं. माणूस बदलतो, मग चित्रातल्यानं काय पाप केलंय? कराडच्या शिकलगार टेलरना जाड भिंगाचा चष्मा लागला, तर पुढच्या भेटीत चित्रातल्या टेलरनाही लागला. वाईला घाटाजवळ राहणाऱ्या एका गुरुजींचं पोट दर दोन-तीन वर्षांनी वाढायचं, आणि बाई ते इमानेइतबारे वाढवून यायच्या. गुरुजींच्या पत्नी एकदा हळूच म्हणाल्या, "बाई, तेवढं पोट जरा आत घ्या की." बाई म्हणाल्या, "मी घिऊन काय उपेग वैनी? त्येंनी घ्याय पायजे." गुरुजी सर्वांत मोठ्यानं हसले आणि जेवायला बसले.

मी एकदा शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, "बाई, चित्र कधीतरी पुरं करायचं असतं."

"का? लोनचं हाय व्हय रं, बरनीचं तोंड बांदून ठिवायला?"

मी सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा बाई निवृत्त झालेल्या होत्या. सीडी लिहायचं यंत्र मी नुकतंच आणलं होतं आणि त्याचा मला इतका गर्व, की फी भरायला आलेल्या पालकांनाही ते उघडझाप करून दाखवायचो. एक दिवस बाई क्लासमध्ये आल्या. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. पुण्याची एक संस्था सांगलीत चित्रप्रदर्शन भरवणार होती. निवड झालेल्याला स्वतंत्र दालन मिळणार, मात्र निवडीसाठी चित्रं सीडीवरच पाठवायची.

"तुम्हाला कशाला प्रदर्शन? चित्रं विकायचीत का?"

"इकतीया कुटं! आरं, जलमभर काडली आन् वाटली. समदी एका जागी म्या कवा बगितलीच न्हाईत." मग पिशवी आवरता आवरता, बाजारात भेंडी महाग झाली असं सांगावं त्या सुरात म्हणाल्या, "डाव्या डोळ्यात काचबिंदू हाय. दुसऱ्यातबी सुरू झालाय म्हनतो डाक्टर. दिसतंय तवर एकडाव बगायची हायती."

दुसऱ्याच दिवशी मी कॅमेरा घेतला, बाईंना स्कूटरवर मागं बसवलं आणि गावोगाव हिंडायला निघालो. एकच अट घातली. फोटो काढल्यावर चित्राला ब्रश लावायचा नाही. बाईंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

पाटणला हौसाबाईंच्या घरी ही अट मोडली. हौसाबाई म्हणजे बाईंची लहानपणची मैत्रीण, उभा जन्म शेतात राबलेली, धिप्पाड. चित्र अंगणात आणून मी फोटो काढला, चहा प्यायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो, तर चित्र बाईंच्या मांडीवर! केस पांढरे करणं चालू होतं आणि खुद्द हौसाबाई डोकं पुढं करून दाखवत होत्या, "कानापशी आजून हाय बग पांडरं."

"बाई! आता फोटो परत काढावा लागणार!"

"काड की. तुजा फोटू चुकला, त्याला म्या काय करू?"

असे किती रोल माझे त्यांनी संपवले याचा हिशोब मी ठेवला नाही, कारण खरं सांगायचं तर त्या हिंडण्यात मीच खूश होतो. प्रत्येक घरी जेवण, प्रत्येक घरी पालथी वाटी.

फोटो धुऊन आले, स्कॅन झाले आणि बाई सांगलीला ते बघायला आल्या. पडद्यावर शिकलगार टेलर आले. बाई पुढं सरकल्या, भुवईपाशी काहीतरी खटकलं असावं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी ब्रश काढून मॉनिटरच्या काचेवर करडा रंग लावलासुद्धा. मी घाईनं पुढचं चित्र आणलं. टेलर गेले, गुरुजी आले, आणि टेलरांची भुवई गुरुजींच्या नाकावर तशीच! बाई हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी त्यांना समजावलं, की हे एकदा सीडीवर लिहिलं की पुसता येत नाही, बदलता येत नाही.

"म्हंजे तू माज्या मानसास्नी बरनीत घातलंस की रं," बाई म्हणाल्या. पण दालन हवं होतं. सीडी गेली.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली. चित्र एकटं पाठवायला एकही घर तयार होईना. शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपलं चित्र घेऊन स्वतःच यायचं. प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहासमोर वडापच्या भाडोत्री जीपा थांबल्या आणि जुन्या लुगड्यांत गुंडाळलेली चित्रं घेऊन माणसं उतरली. संस्थेचे व्यवस्थापक सीडीवरून काढलेले कागद घेऊन एकेक चित्र तपासू लागले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सीडी गेल्यानंतरच्या महिन्यांत बाई पुन्हा सगळ्या घरांतून फिरून आल्या होत्या!

"ही ती चित्रं नव्हेत," ते म्हणाले. "यात केस अर्धेमुर्धे पांढरे आहेत, इथं सगळे. या गृहस्थांचं पोट एवढं नाही. निवड कागदावरच्या चित्रांची झालीय. मला हे दालन देता येणार नाही."

मी हातापाया पडायचा तेवढा पडलो. बाई पायरीवर बसून राहिल्या. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. तेवढ्यात हौसाबाई पदर खोचून पुढं आल्या.

"आवं सायेब, मगाधरनं तुमी त्यो कागुद काय बगताय? मी हितं हुबी हाय की. मला बगा!"

व्यवस्थापकांनी वर पाहिलं. कागद पाहिला, चित्र पाहिलं, हौसाबाईंना पाहिलं. शिकलगार टेलर चष्मा सावरत आपल्या चित्राशेजारी येऊन उभे राहिले. गुरुजींनी तर उपरणं बाजूला करून पोटच पुढं केलं. आणि मग त्या गंभीर माणसाला हसू आवरेना. हातातल्या कागदांची गुंडाळी करत ते म्हणाले, "लावा. लावा सगळी."

दुपारपर्यंत चारी भिंती भरल्या. मी दालनाच्या मधोमध खुर्ची ठेवली. बाई तिच्यावर बसल्या आणि हळूहळू वळत एकेक भिंत बघत राहिल्या. दाराशी हौसाबाई सकाळचा किस्सा नव्यानं आलेल्यांना सांगत होत्या, व्यवस्थापकांची नक्कल करत होत्या आणि तोंड भरून हसत होत्या. बाईंची नजर तिथं जाऊन थांबली.

इतक्या वर्षांत हौसाबाईंच्या चित्रातले ओठ कधी उघडलेले नव्हते. नवरा गेल्यावर हौसाबाईंनी हसणं टाकलं होतं, आणि बाई जे नाही ते काढत नसत.

बाई उठल्या. अंबाड्यातून ब्रश काढला आणि भिंतीवरच्या हौसाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हौसाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "बाई, आगं दात पडल्यात माजं, त्येबी काडतीस का काय?"

"पदर काड, हौसे," बाई म्हणाल्या. "आन् तोंड मिटू नगंस. लय दिसानं उगडलंय."