सुलतानाच्या फणीतले तीन केस

अनातोलियातल्या आमच्या गावच्या दर्ग्यात पुरलेल्या सुलतानाचा वस्तरा कधीच गंजून गेला, आरसाही आंधळा झाला. उरली ती त्याची दाढी विंचरायची हस्तिदंती फणी आणि तिच्यात अडकलेले मेंदीच्या रंगाचे तीन केस. फणी वाडग्यात बुडवायची आणि ते पाणी आजाऱ्याला पाजायचं, ही आमची रीत. कबर सांभाळणारा रिफत एफेंदी चाळीस वर्षं हेच करत आला होता.

आता त्याची बायको दुरीयेच अंथरुणाला खिळली. हकिमाने हात टेकले.

"अहो, अख्ख्या अनातोलियाला पाणी पाजलंत, मीच तेवढी परकी होय?"

"थंड पाणी ते. खोकला वाढेल तुझा."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला, तर बोलू नये माणसाने!"

हाय रे कर्मा! एकदा आलं होतं बोलता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी फणी पुसताना खिडकीतून वारा घुसला आणि सुलतानाचे केस उडाले, ते कायमचे. लोकांनी त्याला दगडांनी ठेचला असता. विंचरताना गळलेला केस आमच्या बायका टाकत नाहीत, भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. रिफतने घरच्या फटीतून नव्या नवरीचे मेंदी लावलेले तीन केस ओढले आणि फणीत गुंतवले. बाकी कुणालाच पत्ता नाही.

आता सांगावं तर तिची शेवटची आशा जाणार. न सांगावं तर तिला तिचेच केस बुडवलेलं पाणी पाजायचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. शेवटी त्याने पाणी आणलं. दुरीयेने वाडगा दोन्ही हातांनी धरला, थेंबही सांडू दिला नाही.

"बघा, अंगात ऊब आली," ती म्हणाली. "आधीच का नाही हो आणलंत?"

चौथ्या दिवशी ती गेली. रिफतने ते तीन केस रुमालात बांधून तिच्या कफनात ठेवायला लावले.

तिला पुरून आठवडा झाला नाही तोच दारात एक बाई उभी, कडेवर तापाने फणफणलेली लेक.

"केस गेले, बाई. फणी रिकामी आहे. घरी जा."

"रिकामी तर रिकामी. बुडवा ना, एफेंदी! हकिमाने नाही म्हटलंय."

रिफतने रिकामी फणी बुडवली. पोरीने वाडगा दोन्ही हातांनी धरला, थेंबही सांडू दिला नाही. त्याला तिथे उभं राहवेना.