चालत गेलेली माणसं

माणूस पायी चालत अमेरिकेत गेला, ही गोष्ट अख्ख्या काळाचौकीत कुणी मनाला लावून घेतली असेल तर ती माझ्या मावशीच्या यजमानांनी. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, मूळचे देवगडकडचे. एकदा चण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायला बसले आणि तिथेच हरवले. कागदात लिहिलं होतं की हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडे समुद्र ओसरला, जमीन उघडी पडली, आणि आशियातली माणसं जनावरांच्या कळपामागून चालत पलीकडे गेली. तेच अमेरिकेचे मूळ रहिवासी. पुढचा कागद फाटलेला.

मी परळच्या शाळेत मास्तर, म्हणून सगळा मारा माझ्यावर. "गेले ते गेले, पण गेले कशाक? इथे काय कमी होता?" मी म्हणे, "शिकारीमागून गेले, काका." "आणि संध्याकाळी घरी येऊक नको?" ते दाढी करताना मध्येच थांबत आणि अर्ध्या गालावर फेस ठेवून विचारत, "पहिलो पाय टाकलो तो कोणी? त्याचा काय नाव?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीच्या चौकात सभा होत, आणि काका एकही चुकवत नसत. एका सभेत वक्ता गरजला, "या मुंबईत आधी कोण आलं?" काका भाबडेपणाने उभे राहिले. "चालत की होडीने?" लोकांना वाटलं, हा विरोधकांनी घुसवलेला माणूस. दोघांनी त्यांना खांदे दाबून खाली बसवलं. तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन उभी असलेली एक कोळीण ओरडली, "आमीच आलो आधी!" काका पुन्हा उठले. "त्याच्या आधी कुठे होता, बाय?" पुढचा अर्धा तास सभेत कुणाचं कुणाला कळलं नाही. ठराव मंजूर झाला, पण नेमका कुठला, ते दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं.

यातलं काही अंगाशी आलं नव्हतं. आलं ते त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शालूला, बेळगावचं स्थळ आलं तेव्हा. मुलगा शिक्षक होता आणि शालूला पसंत होता. मुलाच्या वडिलांनी चहाचा कप हातात घेत साधं विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं ओ?"

"खैसून धरू?" काका म्हणाले.

"कुठून धरू म्हणजे?"

"आजोबा देवगडचे. त्याच्या आधीचा कोणी सांगत नाय. फार मागे गेलो तर आपण सगळेच कुठून तरी चालत आलेले."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. घराण्याचा पत्ता नसलेला माणूस! ते उठून गेले. आठवडाभर निरोप नाही. मावशी बोलेना, शालू जेवेना. काका माझ्याकडे आले. "मी खोटा काय बोललंय? सांग ना रे!"

शेवटी पाहुणे दादरला ज्यांच्याकडे उतरले होते, तिथे काका एकटेच गेले, माफी मागायला. सकाळी गेलेले दुपारी परतले, चेहऱ्यावर निव्वळ गोंधळ. "लग्न ठरला," म्हणाले. "कसा ठरला, माका कळला नाय. मी ता कागदातला सगळा सांगितलंय, तर ते विचारीत होते, त्या माणसांनी वाटेत चूल कशी पेटवली असेल. मग आम्ही तेच बोलत बसलो."

लग्न झालं, शालू बेळगावला गेली. त्यानंतर कधीतरी ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला पुढची हकिगत सापडली. बर्फ वितळलं, समुद्र चढला, ती वाट पाण्याखाली गेली. मोठ्या हौसेने मी काकांना सांगायला गेलो. ते शालूला पत्र लिहीत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मागे रवलेल्यांका भेटूक जाता येईना?"

"नाही, काका."

"त्यांका कळला तरी असेल, पोरा पोचली म्हणून?"

त्यांनी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला. शालूचं नाव, गल्ली, बेळगाव. मग टाक अडला. "राज्य खैचा लिहू रे? आता ता आपल्यात नाय ना?" राज्य लिहायची गरज नव्हती, पण ते मला सांगवेना. त्यांनी टाक पुसून दौतीशेजारी ठेवला.

"रवांदे," शेवटी म्हणाले, "पोस्टमनाक ठाऊक असतला," आणि पाकीट हलक्या हाताने चिकटवलं.