शेवटचा शब्द अक्कांचा

सुकलाल नाना वाक्य कधी पूर्ण करत नसत. शेवटचा शब्द यायची वेळ झाली की ते थांबत आणि मान जराशी डावीकडे वळवत. तिथे लीलाअक्का, त्यांची बायको, बसलेल्या असायच्याच. त्या तेवढा शब्द टाकायच्या आणि बोलणं पुढे सरकायचं. "आज शिंदखेडानी बसमा भलती..." असं नाना म्हणाले की अक्का पदराने घाम पुसत म्हणायच्या, "गर्दी." पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हातारा विसरभोळा आहे. विसरभोळा कसला! अहिराणी लग्नगीतं रचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेवटचा शब्द बायकोचा, ही त्यांच्या घरची रीत होती, इतकंच.

धुळ्यात माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात गायक आधी घामाने भिजतो आणि मग सुरात येतो. इथे झालेली गाणी खानदेशभर डीजेवर वाजतात. नानांची चटकदार गाणी मी दुसऱ्या गायकांकडून पुष्कळ गाऊन घेतली होती. करवलीची थट्टा, व्याह्याची फजिती, असला सगळा माल. म्हणून ते एकदा "डोकरा मी, डोकरी तू" असं गाणं घेऊन आले तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"नाना, लग्नात म्हातारपणाचं गाणं लावलं तर वऱ्हाड न जेवता घरी जाईल."

"अरे भाऊ, लगीन म्हणजे तरी काय? म्हतारं व्हवानी..."

"सुरुवात," अक्का म्हणाल्या.

"आनि म्हतारपन म्हणजे? दोन्ही मिळीसन एक..."

"चस्मा."

मी हसलो. पण नाना हसले नाहीत. माझ्याजवळ खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "गानं लवकर कर भाऊ. तिना दम..." आणि सवयीने त्यांची मान वळली. वळायला नको होती. अक्का शेजारीच होत्या. त्यांनी जमिनीकडे बघत, ताक मागावं तितक्या साधेपणाने शब्द टाकला, "सरी ऱ्हायना."

अक्कांचा दम खरंच सरत आला होता; फुप्फुसं निकामी होत चालली होती. गाणं तयार झालेलं अक्कांनी ऐकावं, एवढंच नानांना हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंगला बसलो आणि भलताच घोळ झाला. नाना माइकसमोर उभे राहिले, "केस पांढरा व्हयनात, दात..." म्हणाले आणि थांबले. बाहेर बाकावर बसलेल्या अक्का दारातून म्हणाल्या, "पडनात." मी मशीन थांबवलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी वैतागून ओरडलो, "नाना, ओळ तुम्हीच पूर्ण करा ना!" नाना गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच जमत नव्हतं. मग विचारल्यावर कळलं, की त्यांनी या गाण्यातल्या ओळींचे शेवटचे शब्द मुळात रचलेच नव्हते. ते अक्कांचं काम होतं, आणि अक्का ते ऐन वेळी करणार होत्या. मी मुकाट्याने दुसरा माइक लावला आणि अक्कांना आत खुर्ची दिली.

मग गाणं जे उभं राहिलं, तसं माझ्या हातून पुन्हा झालं नाही. नानांचा आवाज रांगडा, अक्कांचा वाळलेल्या पानासारखा. "हात तुना हातमा शे, आते कसानं..." नाना विचारत आणि अक्का दम साठवून म्हणत, "भ्याव." प्रत्येक शब्दानंतर त्यांना विसावा लागायचा. आम्ही थांबायचो. मी एरवी किती चिडका माणूस, पण त्या दिवशी घाई करावीशी वाटली नाही.

शेवटची ओळ राहिली होती. "दिवस बुडना, वाट सरनी, आते आपन दोन्ही..." अक्कांनी श्वास आत घेतला, ओठ उघडले, आणि खोकला आला. तो थांबेचना. नानांनी त्यांची पाठ चोळली. अक्का हातानेच म्हणाल्या, उद्या. त्यांना रिक्षात बसवताना मीही म्हणालो, "एकच शब्द राहिलाय अक्का, उद्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथून त्या घरी आल्याच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर नाना एकटेच आले. मी रेकॉर्डिंगमधला खोकला कापून टाकला होता. अक्कांचा श्वास मात्र माझ्याने कापवला नाही. त्याच्यापुढची जागा रिकामी होती. मी म्हणालो, "जळगावची एक चांगली गायिका आहे, तिच्याकडून शब्द गाऊन घेऊ." नानांनी नकारार्थी मान हलवली. "निदान ढोलकीचा एक तुकडा टाकतो." तरी नाही. "कोनता शब्द व्हता ते माले तरी कोठे..." असं म्हणून त्यांची मान डावीकडे वळली. तिथे माझं जुनं कपाट होतं. मला रडू फुटलं, आणि मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

गाणं तसंच, रिकाम्या जागेसकट बाहेर आलं. आज खानदेशात त्याच्याशिवाय हळद लागत नाही. ती जागा आली की अख्खा मांडव ओरडतो. कोणी "नाचसुत!" म्हणजे नाचू म्हणतं, कोणी "जासुत!" म्हणजे जाऊ, एखादी म्हातारी हळूच "ऱ्हासुत", राहू, म्हणते. नानांना मानाने बोलावणी यायची. ते जायचे, कोपऱ्यात बसायचे, आणि ती जागा आली की कान देऊन सगळ्यांचे शब्द ऐकायचे. पुढे एकदा मी विचारलं, "सापडला का?" ते म्हणाले, "बठ्ठा, सगळाच शब्द चांगला शेतस. पन तिना..."

घरात तर कठीणच झालं. अर्धी वाक्यं बोलून ते वाट बघायचे. लोक भलतेच शब्द टाकायचे, मग नाना बोलायचेच कमी झाले. शेवटी लेक मनीषा त्यांना दीपनगरला, औष्णिक वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. मी भेटायला गेलो तेव्हा नाना खाटेवर होते. मनीषा दिवसातून दोनदा खिडकीवरची राख पुसायची आणि मधूनमधून विचारायची, "आबा, पानी? उशी?" नाना कशालाच हो म्हणत नव्हते.

मी हेडफोन नेला होता. मांडवातल्या गोंगाटात जे कधी ऐकू आलं नसतं, ते त्यांना ऐकवायचं होतं. त्यांच्या कानाला लावला आणि शेवटची ओळ सुरू केली. नाना डोळे मिटून ऐकत होते. अक्कांचा श्वास आला तशी त्यांची बोटं चादरीवर घट्ट झाली. खुणेने म्हणाले, परत. मी परत लावलं. मग त्यांनी स्वतःच हेडफोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"ती बोलनारच व्हती," नाना म्हणाले.

मी वाट बघितली. मनीषाही हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. पण नानांची मान वळली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. आमची ती शेवटची भेट.