फोटो आला नाही त्या दिवशी

"गिलान-बारे सिंड्रोम," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते नाव पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाय मा?"

"नाही. पण हा आजार फार भराभर वाढतो. हिला आजच आयसीयूत घ्यावं लागेल."

आईने माझ्या पायावरची चादर सारखी केली. तिचा हात पावलाला लागलेला मला दिसला, पण जाणवला नाही.

या आजाराला थोडक्यात जीबीएस म्हणतात. रोगाशी लढणारी आपल्या शरीरातली यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उठते. मेंदूने सांगितलेलं स्नायूंपर्यंत पोचत नाही. आधी पाय जातात, मग हात, आणि काही जणांचा श्वाससुद्धा. बऱ्याचदा पोट बिघडल्यावर किंवा ताप येऊन गेल्यावर हे होतं. माझं पोट दोन आठवड्यांपूर्वी बिघडलं होतं. शेजारच्या लग्नात जेवून अर्ध्या वाडीचं बिघडलं होतं. बाकी सगळे बरे झाले.

मी लेखिका नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे असं काही लिहायचं म्हटलं की चुकेल अशी भीती वाटते. पण हे नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कोणाला तरी ते आधी माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर मालवणजवळ, किनाऱ्याला लागून आहे. बाबांची छोटी होडी आहे. आई एका लॉजमध्ये जेवण करते. कॉलेजात गेल्यापासून मला एक छंद लागला होता. रोज एक फोटो काढायचा, त्याच दिवशी काढलेला, आणि तो स्टेटसला टाकायचा. जुना फोटो चालणार नाही, एकापेक्षा जास्त नाही, असे नियम मीच केले होते. कधी सुकत घातलेले बांगडे, कधी एसटीच्या खिडकीवरचं मीठ, कधी नुसतं पाणी.

बाबा चिडवायचे. "गो, समुद्र काय पळान जाता? काल काढलंस मा तेचो फोटो?"

पण संध्याकाळी होडीवरून आले की आधी माझं स्टेटस उघडायचे.

एका आठवड्यात माझे फोटो हललेले यायला लागले. मला वाटलं, खाऱ्या वाऱ्याने लेन्स खराब झाली. मी ओढणीने पुसली, स्पिरिटने पुसली. तळपायांना मुंग्या येत होत्या, जिना चढताना गुडघे दुमडत होते. ते मी नव्या चपलांवर ढकललं. लक्ष सगळं फोनकडे होतं.

शेवटी मी बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडला, फुंकर मारली आणि रस्त्यावरच्या गाईचा फोटो काढला. एकदम स्वच्छ आला. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता तू काढ." माझ्या फोटोत गाय पसरली.

"गो बाय, फोन तुझो एकदम बरो आसा," तो हसत म्हणाला. "हात थरथरता तुझो. च्या कमी पी!"

मीही हसले. त्याच्या दुकानाला एकच पायरी आहे. ती उतरताना मी पडले आणि मला उठता येईना. त्यानेच रिक्षा बोलावली.

मालवणच्या डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारून बघितलं. पाय उडायला हवा, तो हलला नाही. त्यांनी आम्हाला गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी झाली, म्हणजे नसांना विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते बघतात. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून मणक्यातलं पाणी काढणं. दुखतं, पण सोसण्यासारखं आहे. कोणी सांगितलं तर नको म्हणू नका.

आणखी एक तपासणी होती, तिला कसलंच यंत्र लागत नाही. एका श्वासात जितके अंक मोजता येतील तितके मोठ्याने मोजायचे. पहिल्या दिवशी मी विसाच्या पुढे गेले. दुसऱ्या दिवशी दहाशी अडकले. मॅडमनी नर्सकडे बघितलं आणि मला व्हेंटिलेटरवर घेतलं. ते श्वास देणारं मशीन असतं.

आयसीयूत मोबाईल नेता येत नाही. माझा फोन आईकडे राहिला. तिचा स्वतःचा कधीच नव्हता. धाकटा भाऊ दहावीला, होडी बंद ठेवून चालणार नव्हती, म्हणून बाबांना परत जावं लागलं. निघताना ते आईला म्हणाले, "होडयेर रेंज नसता, रोज बोलूक जमाचा नाय. बाय टाकी तसो तू रोज एक फोटो टाक. फोटो इलो काय मी समजान, चेडू बरा आसा." चेडू म्हणजे मुलगी.

त्या दिवशी भेटायला आलेल्या भावाने तिला शिकवलं. हे दाब, मग हे, मग हे हिरवं. आई चौथी शिकलेली. "माका ह्या येयत काय रे?" असं ती त्याला चारचारदा विचारत होती.

आतमध्ये मला सगळं कळत होतं. हे मला नीट सांगायचं आहे. जीबीएसच्या माणसाचं शरीर निपचित असतं, पण तो झोपलेला नसतो. त्याच्यासमोर जपून बोला. माझा चेहराही गेला होता. डोळे मिटत नव्हते म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी नर्स मलम घालून वरून पट्टी लावायच्या. उजेड नाही, आवाज तेवढे. पाय भाजल्यासारखे दुखत होते आणि ते सांगायला तोंड नव्हतं. कधी कधी वाटायचं, आता पुरे. तेही सांगता येत नव्हतं.

भेटीच्या वेळी आई यायची आणि कानाशी त्या दिवसाचा फोटो सांगायची. "आज च्याच्या टपरेचो फोटो काढलंय. एक कुत्रो पण आसा, पण तो मेलो हल्लो." किंवा, "आज डबेच काढलंय. माझो आणि कसालच्या काकीचो."

कसालच्या काकी म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरच्या दीपकची आई; कसाल हे त्यांचं गाव. त्यालाही हाच आजार होता. दोघी बाहेर एकाच चादरीवर झोपायच्या, एका डब्यातलं जेवायच्या. दीपक माझ्या पुढे होता. त्याच्या तोंडातली नळी निघाली होती आणि तो घोगऱ्या आवाजात नर्सना क्रिकेटचा स्कोअर विचारायचा. तो विचारत राहिला की मला बरं वाटायचं. मला वाटायचं, आपणही थोड्या दिवसांनी असंच काहीतरी विचारू.

मशीनची नळी तोंडातून फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून माझी ट्रेकिओस्टॉमी करायची ठरली. म्हणजे गळ्याला पुढून छोटं छिद्र पाडून नळी तिथून घालायची. आईने सही केली, पण तिला वाटलं गळा कापणार आहेत. त्या दिवशी ती दारासमोरून हललीच नाही. फोन चार्ज करायचं राहिलं, तो बंद पडला. फोटो गेला नाही.

पुढचं मला आईनेच नंतर सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक वेळी ती आधी हसते.

बाबांनी संध्याकाळी स्टेटस बघितलं. काही नाही. फोन लावला, तो बंद. ते अंगणात बसून राहिले. वाडीतले पुरुष एकेक करून आले, आणि उजाडायच्या सुमाराला मासळीचा टेम्पो रुग्णालयाच्या गेटसमोर उभा राहिला. आत बाबा, बाळाकाका आणि वाडीतले आणखी पाच जण.

आई तोंड धुवायला बाहेर आली तर हे सगळे समोर. "सगळी तोंडा पाडून उभी. मी म्हटलंय, कोण मेला रे? कोणाक नेवक इलास? माझा चेडू जिता आसा!"

बाबा तिथेच खाली बसले.

"बाळाकाकाच्या हातात पिशवी होती," आई सांगते. "तेच्यात काय होता, ता मी इचारूक नाय. तेनी पण सांगूक नाय."

मग तिने काकींच्या चार्जरवर फोन थोडा चालू केला आणि म्हणाली, "आता इलास तर सरळ उभे रवा." टेम्पोसमोर सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढला आणि टाकला. गावात ज्यांना समजायचं ते समजले, की मी जिवंत आहे.

बाबांना पाच मिनिटं आत सोडलं. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, पण बर्फाचा आणि मासळीचा वास आला. ते एवढंच म्हणाले, "बाय, मी इलंय गो."

त्यानंतर तीनचार दिवसांनी दीपक गेला.

मला दिसलं काही नाही. आधी त्याच्या ठोके मोजणाऱ्या मशीनचा आवाज बदलला. मग धावणारी पावलं, पडदा सरकल्याचा आवाज, कोणीतरी मोजत होतं. मग मोजणं थांबलं. बऱ्याच वेळाने खाटेची चाकं माझ्या पायाकडून गेली. जीबीएसमध्ये हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसाही बिघडू शकतात, म्हणून बरा होत आलेला माणूसही अचानक जाऊ शकतो. हे मॅडमनी मला पुढे खूप दिवसांनी सांगितलं. तेव्हा मी फक्त वाट बघत होते, की उद्या कोणी स्कोअर विचारेल.

त्या दिवशी भेटीच्या वेळी आई आली आणि तिने फोटोचं काही सांगितलं नाही.

मला पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं आधीच दिली होती. ती दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिकारशक्ती असते. औषध लागू पडायला वेळ लागतो. सगळ्यात आधी माझ्या पापण्या मिटल्या. मग मान. मग मशीन थोडं थोडं कमी केलं. गळ्याचं छिद्र बुजलं. घरी आले तेव्हा बाबांनी मला होडीतून उतरवतात तसं उचलून घरात नेलं.

सगळं परत आलेलं नाही. डावं पाऊल उचललं जात नाही, त्याला पट्टा बांधून वॉकरने चालते. उजव्या हाताची दोनच बोटं वाकतात. मॅडम म्हणाल्या, "जे यायचं ते बहुतेक एक-दोन वर्षांत येतं. काही कदाचित राहील." मी विचारलं, किती राहील? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही." खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांची आभारी आहे. नर्सताईंची आहे, टेम्पोवाल्याची आहे. माझं कॉलेजचं वर्ष गेलं.

घरी आल्यावर मी फोनमधले आईचे फोटो बघितले. बहुतेकांच्या कोपऱ्यात तिचं बोट आलं आहे. टपरी, कुत्र्याची शेपटी, आयसीयूच्या दारातल्या चपला. दोन डबे. मग टेम्पोचा फोटो. सात माणसं, एकाच्या हातात पिशवी. आणि एका कडेला एक बाई तोंडाला पदर लावून हसताहेत.

"हीच काकी," आई म्हणाली. "सगळ्यांक बघून तिकाच आधी हसू इला."

त्यानंतर चार-पाच फोटो सोडून एका फोटोत एकच डबा होता.

मी पुन्हा रोज एक फोटो काढायला लागले. फोन मांडीवर टेकवायचा आणि बोटाच्या पेराने दाबायचं. फोटो तिरके येतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत रोज एक नाव असतं. दीपक कसाल. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी आईला हाक मारली.

आईने समजावलं. काकी निघताना दीपकच्या फोनवरून नंबर देऊन गेल्या होत्या आणि तिथल्या एका मुलीने तो त्याच्या नावाने सेव्ह केला होता. त्याचा फोन आता काकींकडे असतो. जाताना त्यांनी चादर आईलाच ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या चेडवाक बरा झालेला माका बघूचा आसा."

त्या कधी काही लिहीत नाहीत. फक्त बघतात. मला कितीतरी दिवस लाज वाटत होती, की माझा फोटो बघून त्यांना काय होत असेल. फोटो टाकणं बंद करावं असंही वाटलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू बंद केलंस तर तिका काय वाटात, ता इचार कर."

मागच्या आठवड्यात पाय फार दुखत होता. दिवसभर पडून होते, फोटो काढला नाही. वाटलं, एक दिवस राहिला तर काय होतं. दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला. वर नाव होतं, दीपक कसाल.

मी उचलला.

"बाय? काकी बोलतंय. आज फोटो नाय इलो तो?"

"बरी आसंय काकी. पाय दुखत होतो म्हणान झोपलंय."

"बरी आसस मा?"

"होय काकी. थांबा, आताच काढतंय."

वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. बाहेर बाबांची होडी ओढून ठेवलेली होती, उजेड फारसा नव्हता. फोटो हलला, काळोखा आला. तसाच टाकला. आणि उंबऱ्यावर बसून राहिले, खाली ते नाव येईपर्यंत.